लिनक्स कर्नलचा स्थानिक मिरर अद्ययावत ठेवताना

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, काम करणारा विद्यार्थ्यांचा एक छोटा गट आहे. कोणी ड्रायव्हर लिहितो, कोणी जुन्या-नव्या आवृत्त्यांची तुलना करतो, तर कोणी एखादा बिघाड नेमका कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) शिरला हे बायसेक्ट करून, म्हणजे इतिहास दर वेळी अर्धा करत, शोधतो. आणि या प्रत्येक कामाला कर्नलचा संपूर्ण इतिहास हाताशी लागतो. तो इतिहास दहा लाखांहून अधिक कमिटचा असून त्याची रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा, काही जीबी भरते. तालुक्याच्या गावातल्या इंटरनेटवरून प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे उतरवून घ्यायची म्हटले, तर सत्राचे पहिले काही दिवस त्यातच संपतात. म्हणून प्रयोगशाळेतील एका सर्व्हरवर मिरर, म्हणजे मूळ रिपॉझिटरीबरोबर बदलत राहणारी तिची प्रत, ठेवावा आणि सर्वांनी तिथूनच क्लोन करावे, म्हणजे संपूर्ण प्रत घ्यावी, असे ठरले व ते काम माझ्याकडे आले. मिरर उभा करायला फार विचार लागत नाही. तो मूळ रिपॉझिटरीच्या बरोबरीने रोज चालता ठेवायचा आणि शिवाय त्याच्यावर विसंबता येईल असा राखायचा, यासाठी मात्र बराच विचार करावा लागला.

पहिली अडचण पहिल्याच प्रतीची होती. गिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या कोडचा इतिहास ज्या साधनाने सांभाळला जातो त्यात, क्लोन चालू असताना जोडणी तुटली, तर उतरलेला भाग टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अर्ध्यावरून पुढे जाण्याची सोय त्यात नाही. आमच्याकडे दुपारनंतर जोडणी हमखास तुटते, त्यामुळे हा मार्ग बंदच होता. कर्नलचा कोड जिथून प्रसिद्ध होतो त्या कर्नल डॉट ऑर्ग या संकेतस्थळाने यासाठी चांगली व्यवस्था करून ठेवली आहे. प्रमुख रिपॉझिटऱ्यांची ‘बंडल’ नावाची एक सलग फाइल ते उपलब्ध करून देतात. ती साधी फाइल असल्यामुळे ‘डब्ल्यूगेट -सी’ वापरून, जिथे तुटली तिथून पुढे उतरवता येते. फाइल पूर्ण झाल्यावर ‘गिट बंडल व्हेरिफाय’ने ती तपासली, तिच्यावरूनच ‘गिट क्लोन --मिरर’ केले, मग ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने मूळ पत्ता बसवला आणि बंडल तयार झाल्यानंतरचे कमिट नेहमीच्या फेचने, म्हणजे फक्त नवे बदल उतरवणाऱ्या आज्ञेने, आणले. कमकुवत जोडणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हीच पद्धत वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे ‘--मिरर’ आणि ‘--बेअर’ यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. दोन्हींमध्ये वर्किंग ट्री, म्हणजे काम करण्यासाठी उलगडलेल्या फाइल, नसते आणि दोन्ही पहिल्या दिवशी अगदी सारखेच दिसतात. परंतु ‘--बेअर’ने केलेल्या प्रतीत पुढे काय आणायचे याचा नियम लिहिलेला नसतो, त्यामुळे तिच्यात नंतर साधा फेच केला तरी ब्रँच, म्हणजे विकासाच्या शाखा, जागच्या जागीच राहतात. ‘--मिरर’ने केलेल्या प्रतीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘+रेफ्स/*:रेफ्स/*’ अशी ओळ येते. पलीकडे जे जे रेफ (ब्रँचसारखी, ठरावीक कमिटकडे बोट दाखवणारी नावे) आहेत ते त्याच नावाने इकडे आणावेत, आणि सुरुवातीच्या अधिक चिन्हामुळे, पलीकडचा इतिहास बदलला असला तरीही इकडचा रेफ तिकडच्यासारखा करावा, असा तिचा अर्थ होतो.

त्या अधिक चिन्हाचे महत्त्व ‘लिनक्स-नेक्स्ट’ या रिपॉझिटरीमुळे नीट कळते. आम्ही कर्नलच्या तीन रिपॉझिटऱ्या ठेवतो: कर्नलचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांची मुख्य रिपॉझिटरी, प्रकाशित आवृत्त्यांच्या दुरुस्त्या असलेली ‘स्टेबल’, आणि पुढच्या आवृत्तीसाठी निरनिराळ्या उपप्रणालींतून येणारे काम एकत्र करणारी ‘लिनक्स-नेक्स्ट’. पहिल्या दोन रिपॉझिटऱ्यांतील मुख्य ब्रँच पुढेच सरकतात. ‘लिनक्स-नेक्स्ट’ मात्र कामकाजाच्या प्रत्येक दिवशी नव्याने बांधली जाते. तिचा आजचा मास्टर, म्हणजे मुख्य ब्रँच, कालच्या मास्टरचा वंशज नसतो. अधिक चिन्ह नसेल तर गिट असा बदल नाकारते आणि ‘लिनक्स-नेक्स्ट’चा मिरर पहिल्या दिवशीच्याच स्थितीवर अडून बसतो.

तिन्ही रिपॉझिटऱ्यांत बहुतांश ऑब्जेक्ट (गिट ज्या तुकड्यांत फाइल आणि कमिट साठवते ते) समान असल्यामुळे जागेचाही विचार करावा लागला. ‘--रेफरन्स’ हा पर्याय देऊन स्टेबल आणि नेक्स्ट या दोन्ही प्रती मुख्य रिपॉझिटरीच्या ऑब्जेक्टवर टेकवल्या. यात एक धोका आहे: ज्या रिपॉझिटरीवर इतर टेकलेल्या आहेत तिच्यातून गार्बेज कलेक्शनने, म्हणजे निरुपयोगी ऑब्जेक्टच्या साफसफाईने, एखादा ऑब्जेक्ट काढला, तर टेकलेल्या रिपॉझिटऱ्या मोडतात. म्हणून आधार म्हणून मुख्य रिपॉझिटरीच निवडली, कारण तिथला इतिहास मागे घेतला जात नाही आणि तिथला कमिट एकदा आला की तो कायम पोहोचीत राहतो. रोज बदलणाऱ्या नेक्स्टला आधार करणे चुकीचे ठरले असते. याच कारणाने फेचचा क्रमही मुख्य, स्टेबल, नेक्स्ट असा ठेवला आहे. आधाराच्या रिपॉझिटरीत काय आधीच आलेले आहे हे गिट पुढच्या फेचच्या वेळी लक्षात घेते आणि तेवढे उतरवणे वाचते.

यानंतर प्रश्न आला तो ‘प्रून’चा, म्हणजे पलीकडे काढून टाकलेले रेफ इकडेही काढायचे की नाही, याचा. ‘--मिरर’ असूनही साधे ‘गिट रिमोट अपडेट’ केले तर पलीकडे पुसलेल्या ब्रँच इकडे तशाच राहतात. ‘--प्रून’ वेगळे सांगावे लागते. न सांगितल्यास केवळ जुना पसारा साचतो असे नाही, तर कधी कधी फेचच थांबतो. समजा, पलीकडे ‘ड्रायव्हर’ नावाची ब्रँच होती, ती पुसली गेली आणि नंतर ‘ड्रायव्हर/यूएसबी’ नावाची नवी ब्रँच आली. आपल्याकडे जुनी ‘ड्रायव्हर’ अजून जिवंत आहे. गिट रेफची नावे फाइल आणि फोल्डर यांसारखी हाताळते, त्यामुळे एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एकत्र नांदू शकत नाहीत आणि रेफला लॉक करता येत नाही अशी तक्रार येते. आमच्या विद्यार्थ्यांच्या एका सामायिक रिपॉझिटरीच्या मिररमध्ये हे अगदी असेच घडले. ‘--प्रून’ दिल्यावर गिट आधी जुने रेफ काढते, मग नवे आणते, आणि अडथळा उरत नाही.

मात्र प्रून चालू केले की मिररचा खरा स्वभाव उघड होतो: पलीकडे जे पुसले जाईल ते इकडेही पुसले जाईल. ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये प्रत्येक दिवसाच्या तारखेचा एक टॅग, म्हणजे ठरावीक कमिटला दिलेले नाव, असतो आणि जुने टॅग काही काळाने त्या रिपॉझिटरीतून काढले जातात. आमच्या एका विद्यार्थिनीने तिच्या बोर्डवरील चाचण्यांचे निकाल अशाच एका टॅगच्या नावाने नोंदवले होते. प्रकल्प-अहवाल लिहिण्याच्या वेळी तो टॅग ना पलीकडे होता, ना मिररमध्ये. मिररने आपले काम अचूक केले होते. तो टॅग अखेर तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवरील क्लोनमध्ये सापडला, कारण तिने तिथे प्रून केलेले नव्हते.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अनुभवातून फार आधीच सिद्ध झाले आहे. २०१३च्या मार्च महिन्यात त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली. त्या सर्व्हरवर सुमारे १,५०० रिपॉझिटऱ्या होत्या आणि जगभरातील मिरर सर्व्हर त्याचेच अनुकरण करत होते. प्रकल्पांची यादीच बिघडलेली आल्यामुळे त्यांनीही आपल्याकडच्या रिपॉझिटऱ्या काढून टाकल्या. एका सर्व्हरवर शाबूत प्रत मिळाली म्हणून प्रकल्प वाचला. मूळ प्रत, तिचे अनेक मिरर आणि तरीही एकही स्वतंत्र प्रत नाही, ही स्थिती किती सहज येऊ शकते हे त्यातून कळते. मिरर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून समजून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

म्हणून मिररच्या मागे दुसऱ्या यंत्रावर ‘जतन’ नावाची वेगळी रिपॉझिटरी ठेवली. ती कोणावरही टेकलेली नाही. तिचे सर्व ऑब्जेक्ट तिचे स्वतःचे आहेत. ती रोज रात्री मिररकडून फेच करते, पण प्रून कधीच करत नाही, आणि त्या दिवशीच्या सर्व ब्रँच तारखेच्या नावाखाली, म्हणजे ‘रेफ्स/जतन/’ आणि पुढे ती तारीख अशा ठिकाणी ठेवते. टॅगसाठीच्या नियमाला अधिक चिन्ह मुद्दाम दिलेले नाही, त्यामुळे एकदा आलेला टॅग नंतर परस्पर बदलत नाही. रेफ शिल्लक आहे तोवर गार्बेज कलेक्शन त्यामागच्या ऑब्जेक्टला हात लावत नाही, आणि बहुतेक ऑब्जेक्ट आदल्या दिवशीचेच असल्यामुळे जागाही बेताचीच वाढते. या रिपॉझिटरीत ‘ट्रान्सफर.एफएससीकेऑब्जेक्ट्स’ हे सेटिंग चालू ठेवले आहे, म्हणजे बिघडलेला ऑब्जेक्ट आत येण्यापूर्वीच अडतो. काही जुन्या प्रकल्पांच्या इतिहासात पूर्वीच्या साधनांनी केलेले किरकोळ दोष असतात आणि तिथे फेच याच कारणाने थांबतो. अशा मोजक्या ऑब्जेक्टची नावे वगळण्याच्या यादीत घालता येतात. पण ती यादी प्रत्येक नाव तपासूनच वाढवावी.

अद्ययावत करण्याची स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून, दर तासाला चालते. नेमकी तासाच्या ठोक्याला नव्हे, तर मधल्या एका मिनिटाला, म्हणजे जगभरच्या इतर स्क्रिप्टच्या गर्दीत आपली भर पडत नाही. जोडणी मंद असताना एक फेच संपण्याआधी दुसरा सुरू होऊ नये म्हणून ती ‘एफलॉक’ या कुलपाखाली चालवली आहे. एवढे केल्यावरही सर्वांत अवघड प्रश्न उरतो: मिरर खरोखर ताजा आहे हे कळणार कसे? बंद पडलेला मिरर सर्वांना दिसतो. मागे पडलेला मिरर कोणालाच दिसत नाही, कारण त्याच्यावरून क्लोन व्यवस्थित होते आणि विद्यार्थी जुन्या कोडवर निर्धास्तपणे काम करत राहतात. शेवटचा कमिट केव्हा आला हे पाहून उत्तर मिळत नाही. शनिवार-रविवारी नेक्स्ट सहसा येतच नाही, आणि काही वेळा तर ती अनेक दिवस थांबते.

त्यामुळे प्रत्येक फेचनंतर स्क्रिप्ट ‘गिट एलएस-रिमोट --रेफ्स’ने पलीकडच्या रेफची यादी मागवते आणि ‘गिट फॉर-ईच-रेफ’ने मिळालेल्या आपल्या यादीशी ती ओळीला ओळ ताडून पाहते. ‘--रेफ्स’ न दिल्यास हेडची (मुख्य ब्रँच कोणती हे दाखवणाऱ्या खुणेची) आणि टॅग उलगडून दाखवणारी जादा ओळही यादीत येते व तुलना उगाच चुकते. फेच आणि तुलना यांच्यामधल्या क्षणात पलीकडे काही नवे येऊ शकते, म्हणून फरक आढळल्यास स्क्रिप्ट पुन्हा एकदा फेच करते आणि तरीही फरक राहिला तरच मला मेल पाठवते. दोन्ही याद्या जुळल्या की ती वेळ एका लहान फाइलमध्ये लिहिली जाते, आणि ती फाइल फार जुनी झाल्यास दुसरे यंत्र इशारा देते. इशारा देणारे यंत्र वेगळे हवे, कारण सर्व्हरच बंद असेल तर तो स्वतःविषयी काहीच कळवू शकत नाही. वीज अचानक गेल्यावर शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल मागे राहण्याचा प्रकारही घडतो, म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पहिला फेच होण्याआधी ‘गिट एफएससीके’ ही तपासणी चालते.

गिटहब या संकेतस्थळावरील काही रिपॉझिटऱ्यांचेही मिरर आम्ही ठेवतो आणि तिथे थोड्या वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिथे प्रत्येक पुल रिक्वेस्टचाही, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीचाही, रेफ असतो आणि ‘--मिरर’ ते सारे घेऊन येतो. आम्ही नियम बदलून फक्त ब्रँच आणि टॅग आणतो. मूळ प्रकल्पाने मुख्य ब्रँचचे नाव मास्टरवरून मेन केले, तर मिररचा हेड आपोआप बदलत नाही. तो पुसल्या गेलेल्या मास्टरकडेच बोट दाखवत राहतो आणि क्लोन करणाऱ्याला रिकामे फोल्डर मिळते; ‘गिट सिम्बॉलिक-रेफ’ने तो हाताने वळवावा लागतो. एलएफएसमध्ये, म्हणजे गिटच्या वेगळ्या साठ्यात, ठेवलेल्या मोठ्या फाइल मिररमध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ स्वतंत्रपणे चालवावे लागते. सबमॉड्यूलचे, म्हणजे आत जोडलेल्या इतर रिपॉझिटऱ्यांचे, मिररही वेगळे करावे लागतात.

विद्यार्थ्यांना मिरर ‘गिट डीमन’ या सर्व्हर-प्रोग्राममार्फत मिळतो. तो मुळातच केवळ वाचनासाठी असतो, त्यामुळे चुकून पुश होण्याचा, म्हणजे कोणाचे बदल मिररवर चढण्याचा, प्रश्न येत नाही. मात्र या प्रोटोकॉलमध्ये ना ओळख पटवणे आहे ना एन्क्रिप्शन, आणि मिररवर विश्वास ठेवा असे तोंडी सांगणे मला पटत नाही. २०११च्या ऑगस्टमध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरवर घुसखोरी उघडकीस आली, तेव्हा ती सेवा काही आठवडे बंद होती आणि टॉरव्हाल्ड्स यांनी तेवढ्या काळात आपली रिपॉझिटरी गिटहबवर ठेवली. गिटमधील प्रत्येक कमिटचे नाव त्याच्या मजकुराच्या आणि त्याआधीच्या सर्व इतिहासाच्या हॅशवरून, म्हणजे त्यातून काढलेल्या सांकेतिक ठशावरून, ठरते, त्यामुळे कुठेही गुपचूप बदल झाला असता तर तो असंख्य विकसकांकडील प्रतींशी जुळला नसता. कर्नलच्या आवृत्त्यांचे टॅग जीपीजी या साधनाने डिजिटल सही केलेले असतात. म्हणून प्रत्येक नवा विद्यार्थी आमच्याकडून क्लोन घेतल्यावर सही करणाऱ्यांच्या किल्ल्या मात्र मिररवरून न घेता थेट कर्नल डॉट ऑर्गकडून मिळवतो, नुकत्याच आलेल्या आवृत्तीच्या टॅगवर ‘गिट व्हेरिफाय-टॅग’ चालवतो आणि मगच कामाला लागतो.