तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा फुकट, पत्ता महाग

पुण्याहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला: "तिकडे सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या असतात म्हणे, मग घर घेताना शाळेवरून एवढी डोकेफोड कशाला?" न्यू जर्सीतल्या आम्हा सगळ्यांनाच तो येतो. तर सांगते.

शाळा फुकट, खरंय. पण कुठली शाळा मिळणार, ते घराच्या पत्त्यावर ठरतं. प्रवेशाला गेलात की आधी भाडेकरार किंवा घराचे कागद, विजेचं बिल काढा. घरांच्या जाहिरातीतही स्वयंपाकघराच्या फोटोंखाली जवळच्या शाळेला दहापैकी किती गुण, ते दिलेलं असतं. आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधला जवळपास निम्मा वाटा शाळांनाच जातो. घरं महाग, तिथे शाळा श्रीमंत.

आता ही घरं कुणाला मिळाली? १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरलं. सरकारी हमीच्या कर्जावर गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने ब्राऊन खटल्यात गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, एवढं आपल्याकडेही ऐकून माहीत असतं. पण माझ्या मते आजच्या शाळा कळायच्या तर १९७४चा डेट्रॉइटचा निकाल वाचावा. शहरातल्या शाळांमधला भेद मिटवण्यासाठी उपनगरांना, त्यांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, त्यात ओढता येणार नाही, असं कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं. म्हणजे शहराची हद्द ओलांडून राहायला गेलात की सुटलात!

आणि पत्ता दुसऱ्याचा लावला तर? ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये एका कृष्णवर्णीय आईने मुलींना आजोबांच्या पत्त्यावर शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, शाळेत घातलं. २०११ साली तिला त्यापायी तुरुंगात जावं लागलं.

आमच्या राज्याचं बोलायचं तर १९४७च्या राज्यघटनेतच शाळांमध्ये वंशावरून विभागणी करायला मनाई आहे. शाळांच्या पैशांवरून चाललेल्या अ‍ॅबट खटल्यातल्या निकालांमुळे नेवार्क, कॅम्डेनसारख्या गरीब डिस्ट्रिक्टना राज्य जादा पैसा देतं, तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडीही मिळते. हे काम मोठंच. तरी मुलं वंशावरून वेगवेगळ्या शाळांतच राहिली. त्यावर २०१८ साली खटला भरला गेला. २०२३ साली न्यायाधीशांनी विभागणी असल्याचं मान्य केलं, पण ती राज्यभर आहे हे सिद्ध झालं नाही म्हणाले.

आपली मराठी मंडळी यात कुठे? गुण बघून घर घेणाऱ्यांत, आम्हीसुद्धा. माउंट लॉरेल या गावावरच्या खटल्याच्या निकालापासून इथल्या गावांना परवडणाऱ्या घरांसाठीही वाव ठेवावा लागतो. तो विषय टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, सभेत निघाला की "शाळांवर ताण येईल" म्हणणाऱ्यांत आपल्यातलेही असतात. कुणाच्या मुलांचा ताण, ते कुणी बोलत नाही. मी घरांच्या बाजूने बोलते, आणि मग पार्किंगमध्ये दोन शब्द ऐकून घेते.