बसपाचें खंय?

१९ मे, रात्र

"बरें दिसता गो. पूण बसपाचें खंय?"

एवढंच म्हणाल्या आई, आणि बाहेर बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, जाऊन तिथल्या बांधीव बाकावर, सोप्यावर टेकल्या. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात भुणभुणतंय. वसरीत बसायच्या चार जागा आहेत. मोजल्या मी.

ही वसरी नव्याने सजवायला तीन महिने राबले. लाल कोबा खोबरेल चोळून चोळून चमकवला. शिंपल्यांच्या तावदानांची एकच खिडकी उरलीय, तिलाही सुतार काच बसवायला निघाला होता; त्याच्याशी भांडले. एवढं जुनं जपल्यावर थोडी गंमत नको? लामणदिव्यात हिरवा बल्ब. भिंतीला निळ्या-पांढऱ्या अझुलेजोंची, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चित्रांच्या फरश्यांची पट्टी, पण चित्रात गलबतं नाहीत. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल-टॅक्सीवरचा पायलट आणि मागे मासळीची पिशवी घट्ट धरून बसलेली बाई. ('अझूल' म्हणजे निळा, त्यावरून हे नाव, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. शब्द निघाला मूळचा अरबी, अर्थ घोटलेला दगड. आता कुणाकुणाला परत सांगू?)

आणि ती खुर्ची. शिसवीची, लांब हातांची, वर पाय टाकून पडायची. वेत फाटला होता. विणणारा मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर दोनच फोन केले होते. मला बाजेची ती गुलाबी नायलॉनची पट्टीच हवी होती. पॉलिशवाल्याने उजव्या हातावरचा चहाच्या कपाचा पांढरा गोलही घासून काढला. चांगलं काम केलं म्हणून मी त्याला वर पन्नास रुपये दिले.

जुन्या वेताला झोळ पडला होता. कुणाच्या मापाचा, ते... जाऊ दे.

पण बसायचं कुठे म्हणजे काय? खुर्ची समोर असताना? निदान 'दमलीस गो' तरी म्हणायचं. लामणदिव्याकडे तर त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. बसपाचें खंय म्हणे.

सगळे झोपल्यावर जाऊन बसले त्या खुर्चीत. पट्टी करकरली, आणि मी हळूहळू पुढे घसरत थेट कोब्यावर. दुसऱ्यांदाही तेच. म्हणजे वाक्यात टोमणा नव्हताच की काय? साधी चौकशी होती?

२० मे

सकाळी उठले तर वसरीत खुर्ची नाही. बल्कांवात उन्हाला लावलेली, दोन्ही हातांवर आडवं सूप, सुपात सोलां, कोकमाची ओली सालं.

"सूप बरें रावता हांगा," आई म्हणाल्या.

सुपाच्या फटीतून लाल रस गुलाबी पट्टीवर ठिबकतोय. रंग जुळतोय, तेही खरं.