अगादेझचा सोमवार

नायजर म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक नायजेरियाच समजतात, मीही समजायचो. पण हा वेगळा देश, नायजेरियाच्या डोक्यावरचा, बहुतेक सगळा वाळवंट, आणि त्याच्या उत्तरेला अगादेझ नावाचं मातीच्या घरांचं जुनं शहर. गेले काही महिने मी याच शहराबद्दल मिळेल ते वाचतोय, व्हिडिओ बघतोय, घरचे कंटाळलेत आता.

तर अगादेझचा धंदा आधी टुरिझमचा. तुआरेग, म्हणजे सहारातल्या भटक्या जमातीचे ड्रायव्हर टोयोटा पिकअपमधून युरोपियन पाहुण्यांना वाळवंट दाखवायचे, मग 2007 मध्ये तुआरेगांचं बंड झालं आणि पाहुणे आटले. गाड्या होत्या, रस्ते तोंडपाठ होते, मग त्याच गाड्यांतून लिबियाला, आणि काही तिथून पुढे युरोपला जाणारी माणसं न्यायला लागले. आणि यात लपवाछपवी काहीच नव्हती बरं का! दर सोमवारी लष्कराच्या ताफ्यामागे गाड्यांची रांगच्या रांग निघायची. एकेका पिकअपमध्ये पंचवीस-तीस माणसं, कडेला बसलेल्यांचे पाय बाहेर लोंबकळत, आणि पडू नये म्हणून सामानात खोचलेली एक लाकडी काठी दोन पायांच्या मधे घट्ट धरायची. ती काठी बाजारात विकत मिळते. पाण्याचे कॅन गोणपाटात गुंडाळून गाडीच्या बाहेर टांगलेले, कुठला कोणाचा ते कळावं म्हणून त्यावर नावं. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

2013 च्या ऑक्टोबरमध्ये अल्जेरियाच्या वाटेवर 92 मृतदेह सापडले, बहुतेक बायका आणि मुलं, तहानेने गेलेली. ही झिंदेर भागातली नायजरचीच माणसं होती, युरोपला वगैरे निघालेली नव्हती. ते विसरता येत नाही, त्यामुळे कायदा हवा होता हे मला पटतं. माणसांची तस्करी रोखणारा कायदा आला 2015 मध्ये, नंबर 36. त्याच वर्षी युरोपने माल्टातल्या वॅलेटाच्या परिषदेत स्थलांतर आटोक्यात आणायला आफ्रिकेसाठी मोठा फंड काढला, आणि 2016 मध्ये अगादेझमध्ये धरपकड सुरू झाली, ड्रायव्हर तुरुंगात, गाड्या जप्त. तेव्हा गृहमंत्री होते मोहम्मद बाझूम, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

माझं डोकं इथे फिरतं. इकोवास, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या 1979 च्या करारानुसार सेनेगल, गांबिया, गिनीचा माणूस नायजरमध्ये 90 दिवस बिनव्हिसा राहू शकायचा. म्हणजे अगादेझपर्यंत तो कायदेशीर प्रवासी, आणि शहराच्या उत्तरेला निघाला की अचानक तस्करीचा माल? सीमा अजून शेकडो किलोमीटर लांब आहे हो! युरोपने आपली सीमा उचलून सहारात आणून ठेवली, दुसरं काय. मग ड्रायव्हर विहिरी सोडून आडवाटेने जायला लागले, गस्त दिसली की माणसं वाळूत उतरवून पळ काढायला लागले. धंदा सोडणाऱ्यांना कोंबड्या-शेळ्या, दुकानाचं सामान अशी मदत कबूल केलेली, ती मिळाली फार थोड्यांना.

26 जुलै 2023 ला लष्कराने बाझूमना हटवलं, नोव्हेंबरमध्ये लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल चियानींनी तो कायदाच रद्द केला. अगादेझमध्ये लोक खूश. मला लष्करी राजवटीचं कौतुक अजिबात नाही, आणि युरोपला चिमटा काढायचा होता हेही उघड आहे, पण ड्रायव्हरच्या घरी चूल पेटली हेही खरंच ना. जानेवारी 2025 मध्ये नायजर इकोवासमधूनच बाहेर पडला, म्हणजे ज्या करारावर हे शहर जगलं त्यातूनच.

आणि उलट्या दिशेची गर्दी तर वेगळीच. अल्जेरिया पकडलेल्या लोकांना ट्रकने आणून सीमेजवळ वाळवंटात सोडतं, त्या जागेला म्हणतात पॉइंट झिरो, आणि तिथून नायजरमधल्या असामाका गावापर्यंत साधारण 15 किलोमीटर चालायचं, तेही अनेकदा रात्री, मोबाईल-पैसे आधीच काढून घेतलेले. 2024 या एका वर्षात असे 30 हजारांहून जास्त लोक आले. त्यातले बरेच पुढे अगादेझलाच येऊन पोचतात. सोमवारी बाजारात काठ्या विकायला असतातच.