सेकंडहँड डिस्कचा भाव

गेम चांगला की वाईट हे सांगायला यूट्यूबवर तासाभराचे व्हिडिओ आहेत, तावातावाने भांडणारे चाहते आहेत. पण सगळ्यात रोखठोक समीक्षक बसतो लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, काचेच्या काउंटरमागे. कथा कशी आहे, ग्राफिक्स कसे आहेत, हे त्याला विचारूच नये. वापरलेली डिस्क समोर ठेवून ‘किती देणार?’ एवढंच विचारावं. तो जो आकडा सांगेल, ते त्या गेमबद्दलचं बाजाराचं मत.

पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल. त्यावरच्या मोठ्या गेमची नवी डिस्क साधारण पाच हजार रुपयांना येते. समजा, एखाद्याने ती पंधरवड्यात संपवून ३,५०० ला दिली, तर त्याला गेम पडला दीड हजाराला. हे गणित मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ असतं. म्हणून वीस-पंचवीस तासांत संपणारे कथाप्रधान गेम पहिल्या महिन्यातच धडाधड परत येतात. त्यात गेमचा दोष नसतो, पण भाव मात्र उतरतो, कारण काउंटरवर एकाच गेमचे दहा डबे झालेले असतात. दुकानदार हळूच विचारून घेतो, ‘पूर्ण केला का?’ ‘नाही हो, मजा नाही आली,’ असं उत्तर सारखं यायला लागलं की मग भाव उतरत नाही, कोसळतो.

याच्या उलट जीटीए फाइव्ह. पहिल्यांदा आला २०१३ साली, पीएस५वर आला २०२२ साली, आणि अजून त्याला गिऱ्हाईक आहे. फुटबॉलच्या गेमचं मात्र वाईट. दर सप्टेंबरच्या सुमारास नवा येतो आणि आधीचा गेल्या वर्षीच्या कालनिर्णयासारखा होतो. बरेच दुकानदार तो हातातही घेत नाहीत. त्यात २०२३ साली ईए या कंपनीच्या फुटबॉल गेमवरचं फिफा हे नाव जाऊन एफसी आलं. आता डब्यावर फिफा दिसलं की माल जुना आहे हे पोरांच्या आई-वडिलांनाही कळतं. आणखी एक फटका बसतो तो पीएस प्लसचा, म्हणजे सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचा. महिन्याच्या यादीत एखादा गेम आला की सदस्यांना तो वेगळे पैसे न मोजता मिळतो, आणि दुकानातल्या डिस्कचा भाव त्याच दिवशी पडतो. विकायचंच असेल तर ती यादी लागायच्या आत विकावं.

आता माल पारखण्याकडे. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरतात ती उगाच नाही. जुन्या सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगत असायचा, म्हणून वरची बाजू खरवडली की ती गेली. पीएस४ आणि पीएस५च्या डिस्क ब्लू-रे असतात. ब्लू-रेमध्ये तोच थर खालच्या बाजूला, पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. त्या बाजूवर कडक लेप असतो, त्यामुळे बारीक ओरखडे सहसा पडत नाहीत. पण खोल चरा पडला तर त्याला औषध नाही. डीव्हीडीत थर ०.६ मिलिमीटर आत होता, घासून पॉलिश करायला वाव होता. ब्लू-रे घासली तर आधी तो लेपच निघून जातो. टूथपेस्ट लावायचा घरगुती उपाय इथे म्हणजे आपल्या हाताने डिस्क मारणं.

चऱ्याची दिशाही पाहावी. मधून कडेकडे जाणारा चरा लेसरला क्षणभरच आडवा येतो, आणि तेवढी तूट ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. वर्तुळाच्या दिशेने गेलेला चरा मात्र सलग माहिती खातो. डिस्क पुसतानाही म्हणूनच मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही. मधल्या भोकाभोवती केसाएवढी चीर असेल तर डिस्क घेऊच नये. डब्यातली खुंटी न दाबता डिस्क ओढून काढली की अशी चीर पडते, आणि डिस्क ड्राइव्हमध्ये वेगाने फिरू लागली की वाढत जाते.

दुकानात लावून दाखवतात तेव्हा मेनू दिसला की लोक पैसे काढतात. इथेच फसगत होते. पीएस४ किंवा पीएस५ डिस्कवरचा माल स्वतःच्या आतल्या स्टोरेजवर कॉपी करून घेतं, पण सुरुवातीचा भाग आला की बरेच गेम चालू होतात. चरा पुढे कुठे असेल तर कॉपी मध्येच अडकते, तोवर आपण घरी पोचलेलो असतो. पन्नास जीबीची कॉपी व्हायला अर्धा तास तरी लागतो, आणि तेवढा वेळ काउंटर अडवून कोण उभं राहू देणार? त्यापेक्षा ‘उद्यापर्यंत कॉपी पूर्ण झाली नाही तर बदलून’ असं बिलावर लिहून घ्यावं आणि घरी नेट बंद करून डिस्क घालावी, म्हणजे अपडेटची भेसळ होत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि लास्ट ऑफ अस पार्ट टू या गेमना पीएस४वर दोन डिस्क लागतात. एकदा कॉपी झाली की रोज फक्त प्ले डिस्क घालावी लागते, म्हणून डेटा डिस्क घरात कुठेतरी राहून जाते. अशा डब्यात एकच डिस्क निघाली तर तो डबा बिनकामाचा.

‘डिस्क घेतली म्हणजे गेम आपला,’ असं चाहते छातीठोकपणे सांगतात. त्यात अर्धंच खरं आहे. २०२२च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टूच्या पीएस५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा माल नव्हता. बाकी सगळं डाउनलोड. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलसाठी निघालेल्या गेम-की कार्डातही गेम नसतोच, नुसती परवानगी असते. मालकीच्या गप्पा सोडल्या तर डिस्कवाल्याकडे एक हक्क खरोखर उरतो, तो म्हणजे विकण्याचा. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला, जिथे माळ्यावरही जागा नाही, हा हक्क भरलेल्या शेल्फपेक्षा मोलाचा वाटतो. थोडे पैसे वाचवायला डिजिटल एडिशन, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला कन्सोल, घेणारे हा हक्क पहिल्याच दिवशी सोडून देतात.

डिस्क विकली तरी कन्सोलमधला सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलो त्याची नोंद, मात्र पुसू नये. तो डिस्कबरोबर जात नाही, आणि खेळताना मिळवलेल्या ट्रॉफ्या आपल्या खात्यावर राहतात. दिवाळीनंतर तीच डिस्क हजारात मिळाली तर जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे खेळता येतं.