काळ्या चष्म्याआड

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात एक डॉन राहायला आला. दवाखान्यातून मिळालेला तो भलामोठा काळा चष्मा, बाजूंनीही बंद, लावून ती रात्री आठ वाजता ट्यूबलाइटखाली मेथी निवडत बसायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. चष्म्याला बिचकून भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, असा तिचा दावा आहे.

त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर 'चुंगकिंग एक्सप्रेस' हा हाँगकाँगचा सिनेमा बघत होते. मेथीच्या काड्या टाकायला उठलेली आई मागे येऊन थबकली. पडद्यावर रात्रीच्या हाँगकाँगमधून एक बाई तरातरा चाललेली. सोनेरी केसांचा टोप, अंगात रेनकोट आणि डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल.

"हिचंही ऑपरेशन झालंय का गं?"

नाही म्हटलं, ती सावध बाई आहे. रेनकोट घातला की गॉगलही लावते; पाऊस कधी येईल आणि ऊन कधी पडेल, काय सांगावं! जूनमधल्या मुंबईकराला हे तत्त्वज्ञान समजावून सांगावं लागत नाही. आईलाही लागलं नाही. ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

बाईचा धंदा मात्र अमली पदार्थांचा. नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्स नावाच्या सतरा मजली इमारतीत ती माणसं गोळा करते, त्यांच्यासाठी कपडे-बूट शिवून घेते आणि त्यांत माल दडवते. ही माणसं भारतीय. परक्या मुलखात आपली माणसं दिसल्याचा आईला झालेला आनंद, ती बाईला गंडा घालून विमानतळावरून पसार होईपर्यंतच टिकला.

या गॉगलमागे ब्रिजिट लिन आहे. मूळ नाव लिन छिंग-श्या, जन्म १९५४, तैवानचा. तैपेईच्या शिमेनतिंग भागात रस्त्यावर फिरताना कुणाच्या तरी नजरेला पडली आणि १९७३ साली पहिला सिनेमा आला. मग सत्तरच्या दशकात प्रेमपटांची रांगच लागली. त्या सिनेमांना तिकडे 'तीन खोल्यांचे सिनेमे' म्हणत, कारण सगळं रडणं-हसणं दिवाणखाना, जेवणाची खोली आणि कॉफीचं दुकान एवढ्यातच उरके. त्या वर्षांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. रडणाऱ्या सुंदर मुली आपल्याकडेही कमी नव्हत्या.

मला ती आवडते पुरुष झाल्यावर. १९७७ मध्ये तिने एका संगीतपटात जुन्या चिनी कादंबरीतला नायक केला. १९८६ च्या 'पेकिंग ऑपेरा ब्लूज'मध्ये ती सेनापतीची मुलगी आहे; केस कापलेले, अंगावर पुरुषी कपडे. आणि १९९२ च्या 'स्वोर्ड्समन २'मधला तुंगफांग पुपाय! मूळ कादंबरीत हा पुरुष. अजिंक्य होण्यासाठी स्वतःचं पुरुषत्व कापून टाकणारा. ती भूमिका सरळ एका बाईला दिली. बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची वर्णनं ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात फार नवल वाटू नये, पण वाटतं. आपल्याकडे पुरुषाने बाई व्हायचं तर नऊवारी, दागिने, गजरा, सगळा जामानिमा लागायचा. हिला एक भुवई पुरते.

हे सगळं डोळ्यांचं काम. म्हणूनच 'चुंगकिंग एक्सप्रेस'मधला गॉगल मला आधी दिग्दर्शकाचा आगाऊपणा वाटला होता. ज्या बाईच्या नजरेवर लोकांनी तिकिटं काढली, तिचे डोळेच झाकायचे? गवयाला बोलावून तोंडाला रुमाल बांधण्यासारखं. पण वाँग कार-वाई हा माणूस आगाऊ असला तरी मूर्ख नाही. डोळे नाहीत म्हटल्यावर आपण तिची हनुवटी बघतो, सिगारेट धरलेली बोटं बघतो, आणि बूट. थकून हॉटेलच्या खोलीत ती बुटांसकट झोपते. तिच्याबरोबर आलेला तरुण पोलीस रात्रभर काहीबाही खात टीव्ही बघतो, निघताना तिचे बूट काढतो आणि स्वतःच्या टायने पुसतो. बस. एवढंच त्यांचं प्रेमप्रकरण.

"टाय खराब केला," आई म्हणाली. पण आवाज जरा मऊ होता.

शेवटी ती टोप भिरकावून देते आणि निघून जाते. सिनेमा १९९४ चा. त्याच वर्षी ब्रिजिटने लग्न केलं आणि काम थांबवलं, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, मागणी असताना. पुढे ती लेख लिहू लागली. २०११ मध्ये पहिला संग्रह आला. म्हणजे आता आमच्याच पंगतीला येऊन बसली. २०२३ मध्ये तैवानच्या गोल्डन हॉर्स या सिनेमा-पुरस्कारांच्या सोहळ्यात तिला जीवनगौरव मिळाला.

काळा चष्मा सुटला त्या दिवशी आईने भिंतीचा रंग उडालाय, माझे केस पिकलेत आणि ओट्यामागच्या टाइल्स चिकट आहेत, हे एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "त्या बाईचे डोळे दाखव आता."

मी तुंगफांग पुपाय लावला. लाल झगा, हातात मद्याचा बुधला, वर मान करून प्यायलेला तो घोट, आणि मग ती खाली बघते. आई पुढे सरकली. बराच वेळ काही बोलली नाही.

"ही बाई की पुरुष?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली, "मागे घे जरा. परत बघू."