कोलारच्या लाल मातीत

मातीत मोटरसायकल चालवायला साताऱ्याहून थेट कोलारला जायचं, हे घरात कुणालाच पटेना. "आपल्याकडं माती कमी पडली का रं?" मावशीनं विचारलं. रास्त प्रश्न. माती भरपूर आहे, पण गाडी फिरवायची कुठं? नॉबी, म्हणजे जाड गुठळ्यांचे टायर चढवून सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर घिरट्या घालणारे गट मला मुळीच आवडत नाहीत. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम, आणि ती सगळी फुलं त्याच थरात. एकदा चाकानं तो खरवडला की उरलेलं काम पाऊस करतो. ज्याला उड्या मारायच्यात त्यानं त्यासाठी राखलेल्या जागेत माराव्यात. तशी जागा कोलारजवळ सी. एस. संतोष यांनी उभारली आहे, बिग रॉक नावाची. २०१५ मध्ये डकार रॅली ही लांब पल्ल्याची खडतर शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, एकूण ३६ वे आले होते. मावसभावाला एवढं सांगितलं आणि तो तयार झाला. तसा तो कशालाही तयारच असतो.

हायवेबद्दल फार लिहीत नाही. आमच्या दोन्ही गाड्या हिरोच्या एक्सपल्स, जुन्या, २०० सीसीच्या. ऐंशीच्या वर नेल्या की हँडल मुंग्या आणतं, म्हणून निवांत गेलो. कागल, निपाणी, हुबळी. दावणगेऱ्याला बेण्णे डोसा खाल्ला, लोण्यात भिजलेला. तो खाऊन पुन्हा हेल्मेट घालणं ही शिक्षाच होती. चित्रदुर्गला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बंगळुरूची गर्दी कशीबशी बाहेरून टाळून होसकोटेमार्गे कोलारचा रस्ता धरला. वाटेत नरसापुराला होंडाचा मोठा कारखाना लागतो आणि टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो सतत सोबत असतात. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे एकावर एक बसलेले. ते बघताना मावसभाऊ इंटरकॉमवर म्हणाला, "दादा, हे असल्या दगडांवर चढवणारेत का आपल्याला?"

चढवलं नाही. आधी नुसतं उभं केलं.

फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, एक बोट क्लचवर आणि एक ब्रेकवर. हँडलला लोंबकळायचं नाही, वजन सगळं पायांत. मग दोन शंकूंच्या मधून आठचा आकडा काढायचा, चालण्याच्या वेगानं, पाय खाली न टेकता. ऐकायला पोरखेळ. पण हाफ क्लच आणि मागचा ब्रेक यांचा मेळ जमेपर्यंत घामानं जर्सी पिळायची वेळ येते. घाटात ज्याला आम्ही कौशल्य समजत होतो त्यातलं बरंचसं नुसता वेग होता. वेगात गाडी आपोआप सरळ राहते. हळू चालवली की स्वार किती पाण्यात आहे ते कळतं.

प्रशिक्षक तरुण होता, कानडी वळणाच्या हिंदीत बोलायचा. त्याचं एकच पालुपद होतं: दगडाकडं बघाल तर दगडावरच जाल. हे अगदी शब्दशः खरं निघालं. मोकळ्या मैदानात एकच धोंडा होता आणि मावसभावाचं पुढचं चाक त्यालाच जाऊन भिडलं. १५४ किलोची गाडी भुसभुशीत मातीतून उचलताना तो म्हणाला, "डोळं बांधून चालवू का आता?"

हवेचाही धडा तिथंच मिळाला. मातीत पकड वाढावी म्हणून टायरमधली हवा कमी करतात. पण एक्सपल्सला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. हवा फार उतरवली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यामुळं मध्यम मार्ग. आमच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे, ते इथं पथ्यावर पडलं. मागचं चाक मुद्दाम लॉक करून शेपूट फिरवता येते. नव्या गाड्या घेऊन आलेले लोक त्यासाठी एबीएस बंद करायचा मोड शोधत बसले होते.

बंगळुरूच्या एका भल्या माणसानं आपली २५० सीसीची मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, मला फिरवायला दिली. हे वेगळंच जनावर. वजन एकशे दहा किलोच्या आतबाहेर, सीट जवळजवळ कमरेइतकी उंच. हेडलाइट नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर चालवताच येत नाही, पिकअपमध्ये घालून आणावी लागते. थ्रॉटलला हात लावला न लावला तोच ती निघते. पहिली उडी टेबलटॉपवर मारायची असते, म्हणजे वर सपाट असलेल्या उंचवट्यावर. कमी पडलात तरी सपाटीवर उतरता. डबलमध्ये दोन उंचवट्यांच्या मध्ये खड्डा असतो, तिथं कमी पडण्याची सोय नाही. चढावर थ्रॉटल स्थिर ठेवायचा. भीतीनं सोडला की पुढचं चाक बुडतं. आणि खरी गंमत हवेत आहे: मागचा ब्रेक दाबला तर गाडीचं तोंड खाली येतं, थ्रॉटल दिला तर वर जातं. फिरणाऱ्या चाकाचा जोर थांबवला की तो गाडीच्या अंगात उतरतो. कॉलेजात हे सूत्रात शिकलो होतो, कोलारला पोटात गोळा येऊन समजलं.

संध्याकाळी चहाला नाशिकचे एक काका भेटले. पूर्वी यामाहाची आरएक्स १०० घेऊन मातीतल्या शर्यतींत उतरायचे. "मडगार्ड काढायचं, सायलेन्सर बदलायचा, की झाली रेसची गाडी. बूट म्हणजे कॅनव्हासचे." असं सांगताना त्यांनी डावा घोटा दाखवला, तो अजून नीट वळत नाही. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, ती बघायला ते गेले होते. स्टेडियममध्ये ट्रकनं माती आणून बांधलेला ट्रॅक आणि त्यावर परदेशी स्वार. "आमच्यात एवढं उंच उडायची कुणाची छाती नव्हती," ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

शेवटी शिकाऊ लोकांची एक छोटी शर्यत ठेवली होती. गेटमागं गाड्या ओळीनं उभ्या, १५ सेकंदांची पाटी, मग ५ सेकंदांची. त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत गेट कधीही पडतं, नेमकं कधी ते कुणालाच माहीत नसतं. सगळ्यांची इंजिनं एका सुरात ताणलेली. पडलं. पहिल्या वळणापर्यंत फक्त धूळ दिसली. तिसऱ्या फेरीला कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगड झाले, बोटांना क्लच दाबवेना. घट्ट धरल्यामुळं होतं ते, आणि भीती वाटली की माणूस घट्टच धरतो. एक शाळकरी मुलगी छोट्या गाडीवरून बर्मच्या, म्हणजे वळणावरच्या मातीच्या बांधाच्या, बाहेरून मला ओलांडून गेली. ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये बाहा या आडरानातल्या रॅलींच्या विश्वचषकात महिलांचा किताब मिळवला, तीही बंगळुरूचीच. तिकडच्या मुलींना आदर्श शोधायला लांब जावं लागत नाही. मावसभाऊ माझ्या पुढं आला. हे तो लग्नकार्यात सांगणार, तर मीच इथं सांगून टाकतो.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, ऊन सोसवतं. सोबत जास्तीच्या ट्यूब आणि क्लच लिव्हर ठेवा. परतताना मावसभावाचा गिअर लिव्हर आत वळलेला होता, तो हिरियूरच्या गॅरेजवाल्यानं पाइप घालून सरळ केला. चेस्ट प्रोटेक्टर, नी गार्ड भाड्यानं चालतील. बूट मात्र स्वतःच्या मापाचेच घ्या. सैल बुटात घोटा हलतो, आणि घोट्यासाठीच तर ते घालायचे असतात.