तिच्या गुडघ्यातला डोनर अजून जिवंत होता

मी टोरांटोत हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे येतात त्यांच्या स्लाइड्स बनवणं हे माझं काम. परवा एक केस झाली ती लिहायलाच हवी असं वाटलं.

पन्नाशीच्या एक बाई, 11 वर्षांपूर्वी त्यांच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मृत डोनरचा कार्टिलेज (सांध्यातली कूर्चा) आणि त्याखालचं हाड असा अख्खा तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, बसवला होता. तुकडा चांगलाच मोठा. आता तो खचला, चालणं अवघड झालं, म्हणून नी रिप्लेसमेंट करताना तो काढून आमच्याकडे आला. ह्या शहरात असे ताजे ग्राफ्ट जुने आहेत, डॉ. अ‍ॅलन ग्रॉस यांनी 1972 पासून इथे सुरू केलेत.

मला ह्यात पहिल्यापासून कुतूहल, कारण पुण्यात माझ्या सासऱ्यांची किडनी ट्रान्सप्लांट झालीये आणि त्यांची टॅक्रोलिमसची, म्हणजे इम्युनिटी दाबायच्या गोळीची, वेळ चुकली की घरात सगळ्यांचा जीव वरखाली होतो. आणि इथे? गुडघ्याच्या पेशंटला इम्युनिटी दाबायची एकही गोळी नाही, एचएलए (पेशींवरच्या खुणा, ज्यांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं) जुळवत नाहीत, फक्त साइज आणि बाजू बघतात. ग्राफ्ट 4 डिग्रीला ठेवायचा, इन्फेक्शनच्या टेस्ट यायला दोनेक आठवडे जातात आणि साधारण 28 दिवसांच्या आत बसवायचा कारण त्यानंतर पेशी भराभर मरायला लागतात.

असं चालतं कसं, तर कार्टिलेजला रक्तवाहिन्याच नसतात आणि पेशी स्वतःभोवतीच्या घट्ट पदार्थात, मॅट्रिक्समध्ये, पुरलेल्या, बंद दाराआडच्या माणसासारख्या, त्यामुळे इम्युन सेल्स त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. खरी भानगड खालच्या हाडात. त्यातल्या मज्जेत डोनरच्या रक्तपेशी असतात, शरीर त्यांना लगेच ओळखतं. म्हणून सर्जन ग्राफ्टचं हाड शक्य तितकं पातळ ठेवतात, 6 ते 8 मिलिमीटर वगैरे, आणि बसवायच्या आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मज्जा धुऊन काढतात.

स्लाइडवर हे सगळं समोरच दिसलं. सॅफ्रनिन-ओ हा रंग लावल्यावर कार्टिलेज लालभडक, जागच्या जागी पेशी, प्रत्येकीत न्यूक्लियस ठसठशीत, म्हणजे जिवंत. आणि तसंच खाली सरकवलं की हाडाच्या पेशी बसतात ते खळगे रिकामे, एकामागून एक रिकामे, म्हणजे मेलेलं हाड जे बाईंच्या स्वतःच्या हाडाने बदलायला हवं होतं ते बदललंच नव्हतं, आणि मधेच भेगा. रक्तवाहिन्यांभोवती थोडे लिम्फोसाइट्स (इम्युन सेल्स), पण फार नाहीत.

डोनर पुरुष होता हे रेकॉर्डवर होतं, बाईंची संमतीही होती, म्हणून एक्स आणि वाय क्रोमोसोमसाठी फिश टेस्ट (क्रोमोसोम रंगीत ठिपक्यांसारखे चमकवणारी) लावली. त्यासाठी हाड अ‍ॅसिडने मऊ करून चालत नाही, डीएनए जातो, ईडीटीए नावाच्या सौम्य रसायनात हळूहळू काही आठवडे ठेवावं लागतं. त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत डोळा लावला आणि कार्टिलेजच्या पेशीत नारिंगी एक्सशेजारी हिरवा वाय चमकत होता. पुढच्या पेशीत पण! 11 वर्षं तो माणूस नाही आणि त्याच्या पेशी दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यात काम करतायत, एकही गोळी न घेता. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना हाक मारली, ते बराच वेळ बघत बसले.

मी विचारलं, सर मग हे रिजेक्शन, म्हणजे शरीराने ग्राफ्ट नाकारला, असं म्हणायचं का? ते म्हणाले नाही, एवढ्यावरून तसं लिहिता येणार नाही, मोठा ग्राफ्ट, त्यावर इतक्या वर्षांचं वजन, नुसत्या लोडनेही हाड खचू शकतं. मला हे आवडलं, सोपं उत्तर हाताशी असताना त्यांनी ते घेतलं नाही.

पण बाईंच्या रक्तात एचएलए अँटिबॉडी, म्हणजे परक्या एचएलएविरुद्ध तयार झालेली प्रथिनं, सापडल्या होत्या. ना कधी प्रेग्नन्सी, ना कधी रक्त चढवलेलं, म्हणजे बोट ग्राफ्टकडेच जातं, आणि मोठ्या ग्राफ्टमध्ये ह्या जास्त दिसतात हे माहितीच आहे. गुडघ्याला आता त्याचा काही फरक पडत नाही. पण उद्या किडनी लागलीच तर जुळणारा डोनर मिळणं अवघड होईल. सासऱ्यांच्या वेळी क्रॉसमॅच (डोनरविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ही टेस्ट) पॉझिटिव्ह आल्यामुळे हातात आलेली किडनी गेली होती, त्यामुळे ही गोष्ट बाईंच्या फाइलमध्ये ठळक लिहिलीये ना हे मी विचारूनच घेतलं. लिहिलीये, आणि बाईंना बसवून नीट समजावलंय पण.